एक दिवा, दोन बटणे

घर बांधावयास काढणारा गृहस्थ विटांचा भाव चार ठिकाणी विचारतो, दाराच्या लाकडाला नख लावून पाहतो, आणि फरशीचा रंग ठरविताना तर घरातल्या सगळ्यांची सभा भरवितो. दिव्याच्या बटणांची वेळ आली म्हणजे मात्र तो वायरमनकडे पाहतो आणि ‘नेहमीसारखी बसवा’ असे सांगून मोकळा होतो. वास्तविक पुढची वीस-तीस वर्षे ज्या वस्तूला घरातील प्रत्येकाचा हात दिवसातून अनेक वेळा लागावयाचा, ती वस्तू म्हणजे हे बटणच होय. फरशीचा रंग नावडता निघाला तर माणूस तो सोसतो. पण काळोखात बटण हाती लागले नाही तर तो ठेचाळतो, पडतो. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचे पडणे ही किरकोळ गोष्ट नव्हे. खुब्याचे हाड मोडले की चालता-फिरता माणूस महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळतो, आणि कित्येकदा त्यातून पुन्हा उठतच नाही. तेव्हा बटणाची निवड हा वरवर दिसतो तितका क्षुल्लक विषय नाही.

या विषयाचा विचार करावयास माळव्यातील धार आणि देवास ही दोन गावे फार सोयीची आहेत. अठराव्या शतकात पवारांच्या मागोमाग मराठी कुटुंबे येथे येऊन स्थायिक झाली. त्यांनी आपल्याकडच्या धर्तीवर वाडे बांधले. रुंद भिंती, आत चौक, भोवती ओसरी, माजघराला लागून देवघर आणि माडीवर जाणारा अरुंद, उभा जिना. अशा वाड्यांतील मुले आता इंदूर, पुणे, मुंबई किंवा त्याहून दूर परदेशी नोकरीस आहेत, आणि मागे एखादे वृद्ध दांपत्य, क्वचित एकटी आजी, राहिली आहे. दिवाळीला मुलगा येतो, जिन्यातला अंधार पाहून अस्वस्थ होतो, आणि आईसाठी काहीतरी करावे म्हणून दूरध्वनीवरून चालणारी नव्या तऱ्हेची बटणे पाठवितो. त्याचा हेतू उत्तम असतो. पण हेतू उत्तम असला म्हणजे निवडही उत्तम होते असे नाही.

दिवा आपोआप सांभाळला जावा ही इच्छा धारला नवी नाही. अकराव्या शतकात येथे राज्य करणाऱ्या भोजराजाच्या नावावर ‘समरांगणसूत्रधार’ हा वास्तुशास्त्राचा मोठा ग्रंथ आहे. त्यातील यंत्रांवरच्या अध्यायात निरनिराळी काम करणारी लाकडी बाहुली वर्णिलेली आहेत, आणि दिव्यात तेल घालणारी पुतळीही त्यांत आहे. दिवा जळत राहावा, पण तो पाहावयास माणसाने उठावे लागू नये, ही कल्पना नऊशे-हजार वर्षांपूर्वी धारच्या दरबारातही मनोरंजक वाटत होती, असे यावरून दिसते.

देवासची गोष्ट याहून अलीकडची. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर हे १९२१ साली देवास थोरल्या पातीच्या महाराजांकडे खासगी चिटणीस म्हणून काही महिने राहिले होते. त्या दिवसांवरचे त्यांचे ‘द हिल ऑफ देवी’ हे पुस्तक १९५३ साली प्रसिद्ध झाले. त्यांच्याकडे जी कामे सोपविलेली होती, त्यांत बागा, मोटारी आणि अतिथिगृह यांच्याबरोबर वीजघरही होते. संस्थानी काळातल्या अशा लहान वीजघरांची रीत ठरलेली असे. यंत्र चालू असेल तोवर दिवे, यंत्र थांबले की सगळीकडे अंधार. दिवा कोणी आणि केव्हा लावावयाचा याचा निर्णय खोलीत बसलेल्या माणसाच्या हाती पुरता नसे.

पुतळी, वीजघर आणि मग खोलीतले बटण, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. दिव्यावरची सत्ता हळूहळू माणसाच्या हाताजवळ आली. ज्याला उजेड हवा, त्यानेच हात लांबवावा आणि उजेड करावा, हीच विजेच्या बटणाची मोठी देणगी. म्हणून बटणाची कोणतीही नवी पद्धत घरात आणताना पहिला प्रश्न एकच विचारावा. या पद्धतीने दिव्यावरची सत्ता घरातील सर्वांत दुबळ्या माणसाच्या हाताजवळ येते, की त्याच्यापासून दूर जाते?

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू. बटण कोणते घ्यावे याच्या आधी ते कोठे बसवावे हे ठरविले पाहिजे. आपल्याकडे प्रत्येक खोलीत आठ-दहा बटणांची एक पट्टी बसविण्याची चाल आहे. पाहुणा आला की दिव्यासाठी तो आधी पंखा लावतो, मग प्लग, आणि चौथ्या प्रयत्नाला दिवा. घरातल्या आजीबाईंचीही रात्री तीच गत होते. दाराजवळचे पहिले बटण दिव्याचे, हा नियम प्रत्येक खोलीत सारखा पाळला तर ही पंचाईत टळते. बटण दाराच्या ज्या अंगाला कडी असते त्या अंगाला हवे. दार उघडल्यावर ते फळीमागे दडता कामा नये. उंची साधारणतः जमिनीपासून सव्वा मीटर ठेवतात. घरात चाकांच्या खुर्चीत बसणारे कोणी असेल तर ती एक मीटरच्या आसपास आणावी. पांढऱ्या भिंतीवर पांढरे बटण शोभिवंत दिसते खरे, पण मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना ते दिसत नाही. त्याच्याभोवतीची चौकट गडद रंगाची असावी, किंवा अंधारात मंद लुकलुकणारा बारीक दर्शकदिवा असलेले बटण घ्यावे.

यानंतर जिन्याचा प्रश्न. देवास हे गाव एका बाबतीत सर्व हिंदुस्थानात वेगळे होते. तुकोजी आणि जिवाजी या दोघा पवार बंधूंपासून निघालेल्या थोरली पाती आणि धाकटी पाती या दोन घराण्यांची राजधानी एकच होती. एक गाव, दोन राजे. १९४८ साली मध्यभारत संघात विलीन होईपर्यंत ही व्यवस्था चालली. जिन्याच्या दिव्यालाही असेच दोन मालक हवेत. एक खाली, एक वर. चढणाऱ्याने पायथ्याशी दिवा लावावा आणि माथ्यावर पोहोचल्यावर मालवावा. उतरणाऱ्याने याच्या उलट करावे. यासाठी जे बटण लागते त्याला ‘टू-वे’ म्हणतात. ते बाहेरून साध्या बटणासारखेच दिसते. फरक पाठीमागे असतो. साध्या बटणाला दोन स्क्रू असतात, याला तीन. दोन्ही बटणांच्या मधून दोन तारा जातात. वरचे आणि खालचे बटण एकाच तारेला जोडले गेले की दिवा लागतो. एक या तारेला आणि दुसरे त्या तारेला गेले की दिवा मालवतो. म्हणूनच कोणत्याही टोकाला खटका हलविला तरी दिव्याची स्थिती पालटते. दोन राजांमध्ये भांडण होत नाही, कारण कोणाचाही हुकूम कायमचा नसतो.

ही युक्ती फार जुनी, स्वस्त आणि भरवशाची आहे. तिला इंटरनेट लागत नाही, घटमाळ लागत नाही. असे असूनही कित्येक घरांत जिन्याला एकच बटण असते आणि तेही खाली. माडीवर निजलेला म्हातारा माणूस रात्री पाण्यासाठी उठला तर त्याने अंधारात दहा पायऱ्या उतराव्यात आणि मग उजेड करावा! तीच गोष्ट लांब पडवीची. तीच निजण्याच्या खोलीची. तेथे एक बटण दाराशी आणि दुसरे उशाशी हवे. तीन ठिकाणांहून एक दिवा हाताळावयाचा असेल तर मधल्या ठिकाणी चार स्क्रूंचे निराळे बटण बसवितात. हे सारे गिलावा होण्यापूर्वी ठरले तर खर्च थोडा येतो. गिलावा झाल्यावर आठवले तर भिंत फोडावी लागते.

आता खुद्द बटण. दिवा मालविताना विजेचा प्रवाह तुटतो, त्या क्षणी आतल्या पितळी टोकांमध्ये ठिणगी उडते. टोके सावकाश दूर गेली तर ठिणगी लांबते आणि ती जळतात. १८८४ साली इंग्लंडात न्यूकॅसल येथील जॉन हेन्री होम्स यांनी टोके झटकन वेगळी करणारे बटण शोधून काढले. आजचे साधे बटणही त्याच तत्त्वावर चालते. दुकानात बटण दाबून पाहावे. आवाज खणखणीत, हालचाल ठाम आणि मध्येच अडकणे मुळीच नाही, असे ते असावे. भारतीय मानक ३८५४ हे घरगुती बटणांसाठी आहे. त्याचे चिन्ह वस्तूवर आहे की नाही हे पाहून घ्यावे.

त्यानंतर अँपिअरचा आकडा. दिव्या-पंख्याचे बटण ६ अँपिअरचे असते, जड उपकरणांचे १६ अँपिअरचे. नऊ वॉटचा एलईडी दिवा २३० व्होल्टवर अँपिअरचा केवळ पंचविसावा हिस्सा घेतो. पण दोन हजार वॉटचा पाणी तापविण्याचा बंब जवळजवळ पावणेनऊ अँपिअर ओढतो. असा बंब दिव्याच्या बटणावर चालविला तर बटण आतून तापते, प्लॅस्टिक पिवळे पडते आणि एके दिवशी जळका वास येतो. तो वास आला तर बटण बदलून भागत नाही. जोडणीच तपासून घ्यावी लागते.

जुन्या वाड्यांत आणखी एक धोका लपलेला असतो. बटण नेहमी जिवंत तारेवर, म्हणजे फेजवर हवे. पूर्वीच्या एखाद्या दुरुस्तीत ते चुकून न्यूट्रलवर बसविले गेले असेल, तर दिवा मालवतो खरा, पण होल्डरमध्ये वीज तशीच उभी असते. बटण बंद आहे या विश्वासाने दिवा बदलावयास चढलेल्या माणसाला तेव्हा धक्का बसतो. ही तपासणी परवानाधारक वायरमनकडूनच करवून घ्यावी. त्याच वेळी ३० मिलिअँपिअरला तुटणारे गळतीरक्षक यंत्र आणि अर्थिंग यांचीही पाहणी व्हावी. माळव्याची काळी माती पावसाळ्यात ओल धरते, पण उन्हाळ्यात ती भेगाळते, आणि कोरड्या मातीत अर्थिंगचा गुण कमी होतो. म्हणून वैशाखात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालण्याची जुन्या लोकांची सवय शहाणपणाची होती. न्हाणीघराचे बटण बाहेर ठेवण्याची पद्धतही अशीच शहाणपणाची, कारण ओला हात आणि वीज यांची गाठ कधी पडू देऊ नये.

इतका पाया झाल्यावर मग नव्या साधनांचा विचार करावा. त्यांचे साधारण तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग उजेड कमी-जास्त करणाऱ्या डिमरचा. जुन्या पिवळ्या दिव्यांबरोबर डिमर सहज चालत असे. एलईडी दिव्याच्या पोटात स्वतःचे छोटे विद्युत्‌यंत्र असते. तो दिवा मंद करण्याजोगा आहे असे वेष्टनावर लिहिलेले नसेल, तर डिमरवर तो फडफडतो किंवा लवकर मरतो. म्हणून डिमर आणि दिवा जोडीनेच घ्यावेत, आणि घरी नेण्यापूर्वी दुकानात लावून पाहावेत.

दुसरा वर्ग माणसाची चाहूल घेऊन पेटणाऱ्या दिव्यांचा. माणसाच्या अंगाची ऊब हलली की हे साधन जागे होते. न्हाणीघराच्या वाटेवर, जमिनीपासून हातभर उंचीवर असा एक मंद दिवा असला तर म्हाताऱ्या माणसाला बटण शोधावेच लागत नाही. काठी घेऊन चालणाऱ्याचा हात मोकळा नसतो. त्याच्यासाठी याहून उपयुक्त वस्तू क्वचितच सापडेल. मात्र त्याच्याही मर्यादा आहेत. माणूस स्तब्ध बसला तर या साधनाला तो दिसत नाही, आणि न्हाणीघरात बसलेल्या माणसावर एकाएकी अंधार होतो. तेव्हा दिवा निदान पाच-सात मिनिटे जळत राहील अशी योजना हवी. मे महिन्यात हवाच अंगाइतकी तापली म्हणजे ऊब ओळखणे त्याला जड जाते. म्हणून त्याच्या जोडीला साधे बटण हवेच.

तिसरा वर्ग दूरध्वनीवरून किंवा तोंडी हुकमाने चालणाऱ्या बटणांचा. मुलगा परगावाहून आईच्या अंगणातला दिवा लावू शकतो, हे खरोखरच आहे. पायांनी अधू झालेल्या माणसाला बोलून दिवा लावता येणे हे तर स्वातंत्र्यच होय. पण घेण्यापूर्वी चार गोष्टी पारखाव्यात.

पहिली गोष्ट तारांची. या यंत्रांपैकी बहुतेकांना बटणाच्या खोक्यात न्यूट्रल तार लागते. जेथे नुसती दिव्याची बटणे आहेत, प्लग नाही, अशा जुन्या खोक्यात ती बहुधा नसते. न्यूट्रलवाचून चालणारी यंत्रे मिळतात, पण ती स्वतःसाठी दिव्यातूनच थोडा प्रवाह चोरतात, आणि मालविलेला एलईडी रात्रभर भुतासारखा मिणमिणत राहतो.

दुसरी गोष्ट भिंतींची. हात-दीड हात रुंदीच्या माती-दगडांच्या भिंतींतून वायफायच्या लहरी नीट पार होत नाहीत. ओसरीवर चालणारे बटण माजघरात मुके होते. पण त्याच जाड भिंती फोडून नवी तार नेणे अवघड असते, आणि तेथे घटावर चालणारे, भिंतीला नुसते चिकटवावयाचे बिनतारी बटण दुसऱ्या बटणाचे काम करू शकते. म्हणजे जाड भिंत ही एका साधनाची अडचण, तर दुसऱ्याची गरज ठरते.

तिसरी गोष्ट वीज जाण्याची. खेड्यापाड्यांत आणि लहान गावांत वीज जाणे-येणे अजून सरलेले नाही. काही यंत्रदिवे वीज परत येताच आपण होऊन पूर्ण तेजाने पेटतात. रात्री दोन वाजता सारे घर लख्ख उजळले की निजलेल्यांची काय अवस्था होते हे सांगावयास नको. वीज गेल्यापूर्वीची स्थिती लक्षात ठेवणारे साधनच घ्यावे, आणि जिन्याचा दिवा इन्व्हर्टरच्या तारेवर टाकावा.

चौथी गोष्ट खर्चाची, आणि येथे थोडे अंकगणित करणे बरे. नऊ वॉटचा एक दिवा रोज पाच तास जळाला तर महिन्याला सुमारे सव्वा युनिट वीज खातो. साठ वॉटच्या जुन्या दिव्याला नऊ युनिट लागत. खरी बचत दिवा बदलल्याने होऊन चुकली. आता दहा यंत्रबटणे बसविली आणि प्रत्येक बटण हुकमाची वाट पाहत चोवीस तास अर्धा वॉट खाते असे धरले, तर महिन्याला साडेतीन युनिटांहून अधिक वीज नुसत्या वाट पाहण्यात जाते. म्हणजे जवळजवळ तीन दिव्यांचा खर्च. तेव्हा वीज वाचते म्हणून ही बटणे घेणे हा हिशेब बहुधा जुळत नाही. सुरक्षितता आणि सोय यांसाठी घेतली तर मात्र ती आपली किंमत भरून काढतात.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र यंत्रात नाही, घरात आहे. दिव्याची सत्ता दूरध्वनीत गेली की ती दूरध्वनी बाळगणाऱ्याकडे जाते. सूनबाई कामावर, नातू शाळेत, आणि आजीपाशी तसला दूरध्वनीच नाही, अशा घरात तिन्हीसांजेला दिवा कोणी लावावयाचा? आयुष्यभर ज्या बाईने दिवेलागणीला आपल्या हाताने घर उजळले, तिने आता कोणाच्या तरी परत येण्याची वाट पाहत अंधारात बसावे, ही सुधारणा नव्हे. वीजघराचे यंत्र थांबले की सगळे अंधारात, त्याच काळाकडे ही वाट वळते. इंटरनेट बंद पडले, ते बनविणाऱ्या कंपनीने आपली सेवा थांबविली, किंवा मुलाचा संकेतशब्द हरवला, तरीही भिंतीवरचे बटण दाबताच दिवा लागलाच पाहिजे. ही अट जे साधन पुरी करते तेच घरात आणावे. बाकीची दुकानात शोभतात.

निवड करण्याची एक सोपी रीत आहे, आणि तिला पैसा लागत नाही. सूर्यास्तानंतर घरातील सर्वांत वडील माणसाला बरोबर घ्यावे आणि ती व्यक्ती रात्री ज्या वाटेने जाते त्या वाटेने सावकाश चालावे. अंथरुणापासून न्हाणीघरापर्यंत, माडीपासून स्वयंपाकघरापर्यंत, देवघरातून किंवा प्रार्थनेच्या तसबिरीपासून निजण्याच्या खोलीपर्यंत. जेथे जेथे त्या व्यक्तीचा हात आपोआप भिंतीकडे जाईल, तेथे खडूने एक खूण करावी. या कामात सल्ला वायरमनचा घ्यावा, पण खूण त्या हातानेच ठरवावी. परगावी असलेल्या मुलाने यंत्र पाठविण्यापूर्वी एक संध्याकाळ आईबरोबर असे चालून पाहावे. कदाचित त्याला असे आढळेल की तिला हवे होते ते जिन्याच्या माथ्यावरचे एक साधे बटण, आणि ते इतकी वर्षे तिने मागितले नव्हते एवढेच.